लेकुरवाळ्यांची हौसेची गाडी

मूल झाले की माणसाने शहाणे व्हावे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण अपेक्षा असते. शहाणे होणे म्हणजे काय, याची यादीही तयार असते. बापाने मोटारसायकल हळू चालवावी, आईने नोकरीचा पुन्हा एकदा विचार करावा, दोघांनी मिळून विमा उतरवावा. आणि गाडी घ्यायचीच असेल, तर ती ऐसपैस, पांढऱ्या रंगाची, कमी तेल पिणारी, दहा-बारा वर्षे टिकणारी आणि विकताना बरी किंमत येणारी असावी. या यादीत 'चालवायला मजा येणारी' हा गुण कोठेही नसतो. मजा ही लग्नाआधीची गोष्ट आणि लेकुरवाळ्या माणसाने तिचे नाव काढणे हे पोरकटपणाचे लक्षण, असा आपला समज आहे.

निफाड तालुक्यातल्या सायखेड्यासारख्या गावात तर हा समज अधिकच पक्का. गोदाकाठचे हे बाजाराचे गाव. चहूकडे द्राक्षबागा, कांदा, ऊस. पलीकडच्या काठाला चांदोरी. येथे गाडीला कामे नेमून दिलेली असतात. नाशिकच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांना नेणे, लग्नसराईत सात जणांना कोंबून नेणे, वेळप्रसंगी औषधांचे डबे आणि खताची गोणी टाकणे. अशा घरातल्या तिशीच्या मुलाने, पाळण्यात चार महिन्यांचे बाळ असताना, "दोन-तीन वर्षांसाठी एखादी मजेची गाडी घेऊ का?" असे विचारले, तर वडील काय म्हणतील हे सांगायला नको. "आता कुठं लेकराचा बाप झालास, आणि हे काय सुचतंय?" आई म्हणेल, "त्यापेक्षा तेवढ्याचं सोनं कर."

माझे मत मात्र असे आहे की हा प्रश्न पोरकट नाही, आणि त्याचे उत्तर सरसकट 'नाही' असेही नाही. पालक झाल्यानंतरची पहिली तीन-चार वर्षे हाच अशा गाडीचा खरा काळ असू शकतो. पण त्याला काही अटी आहेत. त्यातल्या एकीवर तर कसलीही तडजोड करता येणार नाही.

जन्माची एकच गाडी

गाडी जन्मभरासाठी घ्यायची, ही आपली समजूत आली कोठून? ती टंचाईतून आली. परवान्यांच्या काळात फियाट किंवा अ‍ॅम्बॅसॅडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी दारात आली, की ती घरातल्या माणसासारखी राहायची. मुलांची शाळा, मुलीचे लग्न आणि नातवाचे बारसे तिने पाहिलेले असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी २०१० मध्ये आपल्या निधनापर्यंत सांभाळली. सत्तावीस वर्षे एकच गाडी! आपल्या वडिलांच्या पिढीला यात काही विशेष वाटणार नाही. मिळालेली गाडी पुन्हा मिळेल की नाही, याची ज्यांना खात्री नव्हती त्यांनी ती जपली, हे योग्यच होते.

आज परिस्थिती उलटी आहे. नवी गाडी सहज मिळते आणि जुन्या गाड्यांचा बाजार तर नव्यांहून मोठा झाला आहे. तीन वर्षे वापरून गाडी विकणे यात आता ना अप्रतिष्ठा आहे, ना दिवाळखोरी. पण सवय जुनीच राहिली. आपण आजही बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला अशी गाडी घेतो, जी त्याला दहावीच्या परीक्षेला सोडायला उपयोगी पडेल. चौदा वर्षांनंतरच्या गरजेचा विचार करून आज ज्या गाडीत रोज बसायचे ती निवडायची, हा हिशेब जरा विचित्र नाही का? दहावीच्या वेळी कोणती गाडी असेल, ती पेट्रोलवर चालेल की विजेवर, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

मजेचा काळ थोडा का?

मुलाच्या वाढीचाच हिशेब मांडून पाहा. पहिल्या वर्षातले बाळ गाडीत फार जागा मागत नाही. त्याची आसनपेटी, एक पिशवी आणि दुधाची बाटली एवढाच त्याचा संसार. दप्तर नाही, सायकल नाही, क्रिकेटची बॅट नाही. त्याचे ठरलेले प्रवासही मोजके असतात. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसी, मग नवव्या महिन्याची लस, आजोळच्या फेऱ्या आणि सप्तशृंगीला जावळाचा नवस असेल तर नांदुरीचा घाट.

या घाटावरून एक गोष्ट आठवते, जी गाडी घेताना कोणी विचारात घेत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागण्याचे प्रमाण कमी असते. साधारण दोन ते बारा या वयात ते वाढते. म्हणजे कसारा घाट, सापुताऱ्याची वळणे, भंडारदऱ्याची वाट, यांवर गाडी चालवण्याची जी काही मजा घ्यायची, ती बाळ पाठीमागे शांत झोपलेले असते त्या काळात घ्यावी. पुढे मागच्या सीटवरून "पप्पा, मळमळतंय" असा आवाज येऊ लागला, की वळणांची मजा आपोआप संपते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी शाळा सुरू होते, कदाचित दुसरे मूल येते, आजी-आजोबांचे गुडघे दुखू लागतात. तेव्हा मोठ्या, चढायला-उतरायला सोप्या गाडीची गरज खरोखरच पडते. तोपर्यंतची तीन वर्षे मात्र मोकळी असतात. ती आपण भविष्यातल्या गरजेच्या नावाखाली उगाच गहाण टाकतो.

आणखीही एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मूल झाल्यावर पहिली दोन वर्षे आई-बाप दोघेही दमलेले असतात. रात्री झोप नाही, दिवसा काम. गप्पा झाल्या तरी त्या बाळाच्या शी-शूच्या. अशा काळात स्वतःच्या आवडीची एक तरी गोष्ट हाताशी असणे ही चैन नाही. संध्याकाळी बाळाला मागे बसवून दोघांनी नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीपर्यंत जाऊन यावे. २०२० साली रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात आणि गोदाकाठच्या गावांना ते अंगणासारखे जवळ आहे. जाताना गाडी हातात खेळत असेल, तर परत येणारी माणसे जरा निराळी असतात.

आपल्याच कारखान्यांतल्या गाड्या

मजेची गाडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर परदेशी, लाल, बिनछपराची मोटार येते. तशा गाड्या आपल्या भागातही बनल्या आहेत. अलिबागला चिंकारा मोटर्सने रोडस्टर बांधली. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासच्या अंगाची दोन आसनी गाडी तयार झाली. दोन्ही हौशी माणसांच्या, दोन्ही देखण्या. पण दोन आसनांच्या गाडीत नवरा-बायको बसल्यावर बाळाने बसायचे कोठे? लेकुरवाळ्यांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहावे आणि पुढे जावे.

मजेची गाडी महागच असली पाहिजे असेही नाही. हलकी, छोटी, वळणावर जमिनीला धरून राहणारी, स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद देणारी आणि गिअर टाकताना हाताला सुख देणारी कोणतीही गाडी मजेची. अशा गाड्या महाराष्ट्राच्या कारखान्यांनी पुष्कळ दिल्या. टाटांची सिएरा १९९१ साली पुण्यातून आली. दोनच बाजूची दारे, मागे काचेचे मोठे तावदान आणि त्या काळाच्या मानाने रुबाब वेगळाच. चाकणच्या कारखान्यात २०१० ते २०२२ या काळात फोक्सवॅगनची पोलो बनली. रांजणगावहून फियाटची पुंटो निघाली आणि २०१५ मध्ये तिची १४५ अश्वशक्तीची अबार्थ ही चुलत बहीण. पोलो आज फक्त जुन्या बाजारात मिळते, पण तिचे चाहते कमी झालेले नाहीत. पुंटोचे तसेच, फक्त कंपनीने आपला भारतातला मोटारींचा संसार आवरल्यामुळे सुटे भाग आणि जाणता मेकॅनिक आधी शोधावा आणि मगच गाडी.

आणि नाशिककरांच्या हृदयाच्या सर्वांत जवळची म्हणजे महिंद्रची थार. सायखेड्यापासून तासाभराच्या अंतरावर, नाशिकच्या कारखान्यात ती बनते. आपल्या मळ्यातून मुंबईला जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीइतकाच या गाडीचाही जिल्ह्याला अभिमान. गावातल्या तरुणाला मजेची गाडी कोणती, असे विचारले तर दहातले आठ जण हेच नाव घेतील. पण थार म्हणजे एकच गाडी नव्हे, आणि येथेच बारकाईने पाहायला हवे.

२०१० साली आलेली पहिली थार ही जुन्या जीपची वारस होती. मागे समोरासमोर बाके, एअरबॅग नाहीत. मारुतीची जिप्सीही याच जातीची. चिखलातून, ओढ्यातून बाहेर काढणाऱ्या या दोन्ही गाड्या एकट्यादुकट्याला उत्तम. पण आडव्या बाकावर बाळाची आसनपेटी नीट बसत नाही, आणि ज्या गाडीत ती बसत नाही ती गाडी बाळाच्या घरात येऊ नये. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेली नवी थार निराळी. पुढे तोंड करून बसायच्या मागच्या सीटांच्या प्रकाराला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत प्रौढ आणि बालक अशा दोन्ही सुरक्षिततेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले. सुरुवातीला समोरासमोर बाकांचा सहा आसनी प्रकारही विक्रीला होता, तो लवकरच मागे घेण्यात आला. तरी तीन दारांच्या थारमध्ये झोपलेले बाळ मागे ठेवायचे, तर पुढची सीट वाकवून, कमरेत वाकून आत शिरावे लागते. बाळंतपणानंतर सहा महिन्यांच्या आत आईला हे रोज चार वेळा करायला लावणे हा अन्यायच. २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली ती अशाच तक्रारींच्या उत्तरादाखल म्हणायची. किंमत मात्र हौसेच्या गाडीची राहिली नाही.

छत उघडे टाकून फिरण्याचे बेत करणाऱ्यांनी निफाडचा हिवाळाही आठवावा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमान थंडीत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर उगाच येत नाही. पारा पाच अंशांच्या खाली गेलेल्या पहाटे तान्ह्या बाळाला उघड्या गाडीतून नेण्यात कसलीच मजा नाही.

हौसेची हद्द

आता ती तडजोड नसलेली अट. बाळ कोणाच्याही मांडीवर बसणार नाही.

हे लिहिणे सोपे आणि घरात अमलात आणणे कठीण, याची मला कल्पना आहे. "लेकराला काय बांधून नेता? माझ्या मांडीवर दे," असे आजी म्हणते तेव्हा त्यात मायाच असते. पण मायेला भौतिकशास्त्र कळत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एका दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचे बाळ सुमारे १४० किलोच्या ओढीने पुढे फेकले जाते. एवढी ओढ कोणतीही आजी आणि कोणताही पहिलवान हाताने थोपवू शकत नाही. याच वेगाची टक्कर म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. आणि ताशी ५० हा काही भन्नाट वेग नव्हे. चांदोरीकडे जाताना आपण सगळेच त्याहून वेगात असतो.

कायदाही आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, नामांकित होती. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. ते दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही, ही आपली समजूत त्या दिवशी पुरायला हवी होती.

बालआसन म्हणजे पाच-दहा हजारांची अनावश्यक वस्तू नव्हे, ते गाडीचाच भाग आहे असे समजावे. तान्ह्या बाळाचे आसन मागे तोंड करून बसवतात, कारण टक्कर झाली की त्याचे जड डोके आणि कोवळी मान पाठीच्या आधाराने सावरली जाते. युरोपातल्या नव्या नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत हीच रीत आहे. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर असे आसन कधीही ठेवू नये. फुगलेली एअरबॅग मोठ्यांना वाचवते, पण त्या आसनातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. गाडी पाहायला जाल तेव्हा आसन बरोबर न्या. ते मागे बसवल्यावर पुढच्या सीटवर माणूस नीट बसतो का, हे विक्रेत्याच्या दारातच पाहा. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या कड्या आहेत का, ते बोटाने चाचपा. या पंधरा मिनिटांत अर्ध्या गाड्या आपोआप यादीतून जातील.

गाडीच्या वयाचाही विचार हवा. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने पोलोच्या दोन गाड्या आदळून पाहिल्या. एअरबॅग नसलेलीला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेलीला चार. नाव तेच, गाडी तीच, फरक आकाशपाताळाचा. त्यामुळे जुन्या बाजारात 'कोणती गाडी' याबरोबरच 'कोणत्या सालची आणि कोणत्या प्रकारातली' हेही विचारावे लागते. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना चाके न अडकू देणारे एबीएस ब्रेक आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत या दोन्ही गोष्टी असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. नसतील, तर गाडी कितीही देखणी असो, तिला नमस्कार करून परत यावे.

येथे कोणी म्हणेल, गावात पोरे मोटारसायकलच्या टाकीवर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जातात, आणि तुम्ही आयसोफिक्सच्या कड्या काय सांगता? आक्षेप रास्त आहे. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० च्या आत हवा, असा नियम २०२२ साली निघाला. तो पाळणारे किती दिसतात? ज्या घरात आज मोटारसायकलच आहे, तेथे तर जुनी छोटी मोटार हीच हौस आणि तीच सुरक्षितता. त्या घराने मजेचा अपराध वाटून घेऊ नये. तिच्यात पट्टे धड आहेत का, एवढे आधी पाहावे.

हिशेब बोलका हवा

हौसेला मोल नसते असे म्हणतात. पण हौसेच्या गाडीला मोल असते आणि ते आधीच कागदावर मांडता येते. विम्याच्या तक्त्यात नव्या गाडीची किंमत पहिले वर्ष उलटताच २० टक्क्यांनी, दुसरे उलटल्यावर ३० टक्क्यांनी आणि चौथे उलटल्यावर ५० टक्क्यांनी कमी धरतात. बाजारभाव याहून थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा हीच. म्हणजे थोड्या काळासाठी गाडी घेणाऱ्याने नवी घेऊन पहिल्या वर्षाची मोठी घसरण स्वतःच्या अंगावर घेऊ नये. तीन-चार वर्षांची, एका हाताची, सर्व्हिसची पुस्तिका पूर्ण असलेली गाडी घ्यावी.

समजा ती ६ लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी ४ लाखांना विकली. घसारा २ लाख, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास. त्यावर विमा, टायर, दुरुस्ती. तीच गाडी पूर्ण कर्जाने १० टक्के दराने घेतली, तर तीन वर्षांत सुमारे ९७ हजार रुपये नुसते व्याज जाते. ऋण काढून सण करू नये, हे वाडवडिलांचे म्हणणे येथे शंभर टक्के लागू. शेतकरी घराने तर ते दुप्पट लागू मानावे. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि त्याच महिन्यांत कधी गारपीटही येते. मागच्या हंगामाच्या शिलकीतून गाडी घ्यावी, पुढच्या हंगामाच्या आशेवर घेऊ नये.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी घेतली तर रस्ता कर पुन्हा भरावा लागत नाही. परराज्यातली स्वस्त दिसणारी गाडी तो कर भरल्यावर तेवढी स्वस्त राहत नाही. विकणाऱ्याचा 'नो क्लेम बोनस' त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. आणि तीन वर्षांनी आपण विकू, तेव्हा आरसी पुस्तकावरचे नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

गोदाकाठच्या माणसाला आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये चांदोरी-सायखेड्यात पुराचे पाणी कोठपर्यंत आले होते, हे आपण पाहिले आहे. अशा पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या बाजारात विकायला जातात, आणि दूरच्या पुरातल्या गाड्या आपल्याकडे येतात. पाहणीच्या वेळी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा. गाळाची रेघ तेथे राहून जाते. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. विकणारा जरा चिडला तर चिडू द्यावे.

मजा कोणाची?

शेवटचा प्रश्न घरातल्या घरातला आहे. हौसेची गाडी म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याची हौस असते. रविवारी सकाळी तो मित्रांबरोबर घाटात जाऊन येतो आणि बायको बाळाला भरवत बसते. अशी गाडी घरात आली तर तिच्यावर रुसवा येणारच, आणि तो योग्यच असेल. म्हणून गाडी चालवून पाहायला दोघांनी जावे. क्लच तिच्या पायाला जड नाही ना, सीट पुढे-वर होते ना, मागचे नीट दिसते ना, हे तिने ठरवावे. तिला परवाना नसेल तर गाडीच्या आधी तो काढावा. गावाकडे किती तरी सुना लग्नाआधी स्कूटरवरून कॉलेजला जात होत्या आणि बाळंतपणानंतर कोणीतरी सोडेल याची वाट पाहत बसतात. लसीकरणाला, माहेरी, मैत्रिणीकडे तिने स्वतः गाडी घेऊन जावे. एवढे घडले तर त्या गाडीने आपली सगळी किंमत पहिल्याच वर्षी वसूल केली असे मी म्हणेन.

आणि नातेवाइकांचे काय? ते बोलतीलच. पण बारशाचा मांडव, फोटोवाला, पाचशे पानांची पंगत आणि पहिल्या वाढदिवसाचा तीन मजली केक, यावर झालेला खर्च एका संध्याकाळीत संपतो आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. तीन वर्षे रोज वापरून दोन तृतीयांश पैसे परत देणाऱ्या गाडीला मात्र म्हणतात. हे त्यांना जमल्यास शांतपणे समजावून सांगावे. नाहीच जमले, तर मागच्या सीटवर बसवून, पट्टा लावून, नांदूर मध्यमेश्वरपर्यंत फिरवून आणावे.

एक मात्र करावे. गाडी घेतली त्याच दिवशी ती विकायचा महिना वहीत लिहून ठेवावा. मूल बालवाडीत जाईल तो जून, किंवा दुसऱ्याची चाहूल लागेल तो दिवस. हौसेची मुदत ठरलेली असली की ती डोईजड होत नाही. मुदत पाळली नाही, तर तीच गाडी दुरुस्तीची बिले घेऊन दारात उभी राहील आणि मग वडिलांचे म्हणणे खरे ठरेल.

एवढे करूनही या गाडीची आठवण मुलाला राहणार नाही. तीन वर्षांच्या आतले काय आठवते? पुढे अल्बममध्ये ती पाहून तो विचारील, "ही कोणाची गाडी?" तेव्हा "तुझ्यासाठी घेतली होती," असे खोटे सांगू नये. ती आई-बापांनी स्वतःसाठी घेतली होती, त्याला मागे नीट बांधून.